पाटी नसलेला वृद्धाश्रम

२५ मार्च २०२० चा गुढीपाडवा आम्ही आदिलाबादकर मराठी मंडळी सहसा विसरणार नाही. दरवर्षी या दिवशी आमच्या गल्लीत दोन सणांची देवघेव चालते. आमच्या दारी गुढी उभी असते, तर शेजारच्या तेलुगू घरी उगादीची पच्चडी कालवलेली असते. कडुलिंबाची फुले, चिंच, गूळ आणि कैरी यांची ती कडू-आंबट-गोड वाटी आमच्याकडे येते आणि आमच्याकडची श्रीखंडाची वाटी तिकडे जाते. त्या वर्षी गुढ्या उभारल्या गेल्या, परंतु वाट्या हलल्या नाहीत. तेलंगणात टाळेबंदी आधीच जाहीर झाली होती; पाडव्याच्या दिवसापासून ती साऱ्या देशाला लागू झाली.

त्या दुपारी खिडकीत बसल्या बसल्या आम्ही सहज गल्लीतली घरे मोजली. घरे अकरा. त्यांपैकी आठ घरांत साठीच्या आतले एकही माणूस नव्हते. मुले हैदराबादला, पुण्याला, नागपूरला. कोणाची त्याहूनही दूर. इतकी वर्षे हे आमच्या डोळ्यांसमोर होते, पण मोजले कधी नव्हते. आपण एका वृद्धाश्रमातच राहतो, फक्त त्याच्या दारावर पाटी नाही, हे त्या दिवशी प्रथमच ध्यानात आले.

वृद्धाश्रम ही कल्पना महाराष्ट्राला नवी नव्हे. पुण्याचे डेव्हिड ससून अनाथ पंगुगृह, ज्याला आज ‘निवारा’ म्हणून ओळखतात, ते १८६३ सालचे. २००७ साली केंद्र सरकारने आईवडिलांच्या व ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा कायदा केला, त्यातही प्रत्येक जिल्ह्यात निदान दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल असे एक तरी निवासस्थान असावे, अशी तरतूद आहे. अलीकडे मोठ्या शहरांतून निवृत्तांसाठी सुखसोयींनी युक्त वसाहतीही उभ्या राहिल्या आहेत. तेथे व्यवस्थापक असतो, परिचारिका असते, जेवणाची घंटा होते. आमच्यासारख्या गल्ल्यांत यांपैकी काहीच नसते. तरीही देशातले बहुसंख्य वृद्ध अशाच गल्ल्यांतून, अशाच घरांतून आपले दिवस कंठीत असतात.

पैनगंगेच्या दोन तीरांवर

आमच्या गावाचे आणखी एक वेगळेपण आहे. एके काळी आदिलाबाद जिल्हा निजामाच्या राज्यात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत या जिल्ह्याचे किनवट आणि राजुरा हे मराठी भाग तुटून पलीकडे गेले, आणि आम्ही आंध्र प्रदेशात राहिलो. २०१४ पासून तेलंगणात आहोत. सीमा कागदावर आखली गेली, सोयरिकी मात्र तशाच राहिल्या. येथल्या घराघरांतली सून किनवटची, तर लेक पांढरकवड्याला दिलेली. नागपूर आम्हांला दोनशे किलोमीटरांच्या आसपास, हैदराबाद तीनशेच्या. दुखले-खुपले, लग्नकार्य निघाले की पैनगंगेचा पूल ओलांडायचा. दोन राज्यांमधून जातो आहोत हे लक्षातही येत नसे.

२०२० च्या मार्चमध्ये त्या पुलावर पहारा बसला. आगगाड्या थांबल्या. किनवटमार्गे मुंबईला जाणारी नंदिग्राम थांबली, तिरुपतीची कृष्णा एक्स्प्रेस थांबली. ज्या नदीला आम्ही कधी सीमा मानले नव्हते, ती एका रात्रीत सीमा झाली. पलीकडच्या मुलाला अलीकडच्या आईकडे येता येईना.

आमचा दिनक्रम

पासष्टीच्या पुढच्यांनी घराबाहेर पडू नये, अशी सरकारची सूचना होती. ती योग्यच होती. हा रोग म्हाताऱ्यांना अधिक गाठतो हे तोवर साऱ्या जगाला कळले होते. मुलांचे फोन दिवसातून चार वेळा येऊ लागले. “बाहेर पाय ठेवू नका,” हे वाक्य आठही घरांत एकाच सुरात ऐकू येई.

हळूहळू गल्लीने आपली घडी बसवली. सकाळी दूधवाला पायरीवर पिशवी ठेवून हाक मारी आणि दहा पावले मागे सरे. पिशवी साबणाच्या पाण्याने धुऊन आत. मग ज्याने-त्याने आपल्या ओट्यावर येऊन बसायचे. दोन ओट्यांमध्ये अंतर असल्याने आवाज चढवून बोलावे लागे, आणि ज्यांना कमी ऐकू येते त्यांची त्यात उलट सोयच झाली. शेजारच्या तेलुगू घरातला तरुण मुलगा आठ घरांच्या औषधांच्या चिठ्ठ्या गोळा करी आणि एकाच फेरीत सर्वांची औषधे आणी. रक्तदाबाच्या गोळ्या कोणाच्या आणि मधुमेहाच्या कोणाच्या, हे त्याला पाठ झाले होते. सरकारने शिधापत्रिकेवर माणशी बारा किलो तांदूळ आणि कुटुंबामागे दीड हजार रुपये दिले. त्याचीही वाटणी याच मुलाच्या खांद्यावरून झाली.

२८ मार्चपासून दूरदर्शनवर जुने ‘रामायण’ पुन्हा सुरू झाले. १९८७ साली ज्यांनी ते चाळिशीत पाहिले होते, ते आता पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर तेच पाहत होते. संध्याकाळी सात वाजता निवृत्त गुरुजी आपल्या ओट्यावरून हरिपाठ म्हणत आणि बाकीची मंडळी आपापल्या दारातून साथ धरीत. बाहेरून पाहणाऱ्याला वाटले असते, की या म्हाताऱ्यांचे फार छान चालले आहे.

किल्ल्यांचा खिळा

पण एका घराकडे आमचे लक्ष उशिरा गेले. गल्लीच्या टोकाला अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एक काकू एकट्याच राहतात. महामारीपूर्वी त्यांच्या भिंतीवरच्या खिळ्याला निम्म्या गल्लीच्या किल्ल्या टांगलेल्या असत. कोणी गावाला जाई, कोणी बाजारात, किल्ली काकूंकडे. विठ्ठलमंदिराच्या वाती त्याच वळत. लोणच्याचे मीठ त्यांच्या जिभेने ठरे.

आता कोणी कोठे जातच नव्हते, तेव्हा किल्ल्या ठेवणार कोण? मंदिर बंद, म्हणून वातीही बंद. लोणच्याची फोड चाखायला द्यायची तर संसर्गाची भीती. आम्ही त्यांची काळजी घेत होतो, म्हणजे त्यांच्या दारात भाजीची पिशवी ठेवून निघून येत होतो. मे उजाडेपर्यंत काकू ओट्यावर येईनाशा झाल्या. दुपारचे जेवण तसेच झाकलेले राही. ताप नव्हता, खोकला नव्हता. खिडकीतून विचारले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, “तुम्ही सगळे फार करता हो माझं. पण मला आता कुणी काही मागत नाही.”

हे वाक्य आम्हांला लागले. काकूंना रोगापासून वाचवण्याच्या नादात आम्ही त्यांच्या हातातले एकेक काम काढून घेतले होते, आणि ते करताना त्यांना एका शब्दाने विचारले नव्हते.

याच दिवसांत गावाबाहेरच्या हमरस्त्यावरून हैदराबादेकडून निघालेले मजूर उन्हातान्हातून नागपूरच्या दिशेने चालत होते. त्यांना मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, बिहार गाठायचे होते. आदिलाबादचे मेमधले ऊन ज्यांनी सोसले आहे, त्यांना त्या पायपिटीविषयी अधिक सांगायला नको. रस्त्यावरच्या गावांतील लोक त्यांना अन्नपाणी देत होते. आमच्या गल्लीनेही ठरवले, की प्रत्येक घराने आपल्याच चुलीवर पुऱ्या कराव्यात आणि तो तेलुगू मुलगा सर्वांचे डबे दारातून उचलून नेईल. आम्ही काकूंच्या खिडकीशी जाऊन म्हणालो, “काकू, पन्नास पुऱ्या लागतील. जमतील का?”

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या आत त्यांच्या पायरीवर डबा तयार होता. पुऱ्या मोजल्या, तर साठ भरल्या. सोबत कैरीच्या लोणच्याची पुडी. त्या संध्याकाळी काकू हरिपाठाला ओट्यावर होत्या.

जुन्या साथी, नवी साथ

आमच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने प्लेगच्या साथी पाहिल्या. तेव्हा साथ आली, की गावेच्या गावे रिकामी होत आणि माणसे शिवारात झोपड्या घालून राहत. हाल पुष्कळ होत, परंतु म्हातारी माणसेही त्या झोपड्यांच्या वस्तीत सर्वांसोबत असत. आमच्या वाट्याला आलेल्या साथीचा नियम उलटा होता: जो तो आपल्या घरात.

त्या काळचे एक नाव येथे आठवल्यावाचून राहत नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले पुण्याजवळ आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंतांच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा करीत होत्या. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय सहासष्ट होते. २०२० च्या नियमानुसार त्यांना घरातच बसावे लागले असते. सर्वांनी त्यांच्यासारखे प्राण पणाला लावावेत, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. पण म्हातारपण म्हणजे केवळ राखण करण्याची ठेव नव्हे, एवढे तरी ते मरण सांगते.

परदेशांतही हाच पेच पडला होता. नेदरलँड्समध्ये २० मार्च २०२० पासून वृद्धांच्या शुश्रूषागृहांत भेटीगाठी बंद करण्यात आल्या. रोग आवरला, पण माणसे झुरू लागली, तेव्हा मे महिन्यात सव्वीस गृहांत खबरदारीने एकेका नातलगाला येऊ देण्याचा प्रयोग झाला. त्या भेटींमुळे तेथे रोग शिरला नाही, आणि म्हाताऱ्यांचे चेहरे उजळले. त्यानंतर तो देश इतर गृहांची दारेही हळूहळू उघडू लागला.

दुसरी लाट

१ मार्च २०२१ पासून साठीच्या वरच्यांना लस मिळू लागली. आमच्या गल्लीतील मंडळी दोन रिक्षांतून लसीला गेली. बायकांनी ठेवणीतली लुगडी काढली होती. वर्षभराने एकमेकींना जवळून पाहायचे होते ना! परंतु दुसरी मात्रा घेण्याआधीच दुसरी लाट आली. १२ मेपासून तेलंगणात पुन्हा टाळेबंदी झाली. प्रारंभी सकाळी सहा ते दहा एवढीच मोकळीक. परराज्यातून यायचे तर परवाना हवा.

त्या मे महिन्यात आमचे गुरुजी गेले. मुलगा नागपूरला. एरवी चार तासांची वाट. त्या वेळी ती सरली नाही. त्याने वडिलांचे अंत्यदर्शन फोनच्या पडद्यावर घेतले. अग्नी दिला तो शेजारच्या त्या तेलुगू मुलाने. अकरा वर्षांपूर्वी गुरुजींनीच त्याला ओट्यावर बसवून गणित शिकवले होते. “मीच देतो,” एवढे दोन शब्द तो मराठीत बोलला. याहून अधिक आम्ही लिहू शकत नाही.

पुढचे कित्येक दिवस सात वाजले की गल्ली गप्प असे. मग एका संध्याकाळी टोकाच्या घरातून काकूंचा कापरा आवाज आला. सूर चुकत होता, पण ओळ चुकली नाही. एकेका ओट्यावरून साथ मिळत गेली.

वाचकहो, तुमच्यापैकी अनेकांचे आईवडील अशाच पाटी नसलेल्या वृद्धाश्रमांत असतील: इंदूरला, हुबळीला, बडोद्याला, हैदराबादला. त्यांना औषधे पाठवा, पैसे पाठवा, बाहेर जाऊ नका असे जरूर सांगा. पण फोन ठेवण्यापूर्वी त्यांच्याकडे काहीतरी मागा. लोणच्याचे प्रमाण विचारा, नातवंडाचा पाढा घ्यायला सांगा, एखादा निर्णय त्यांच्यावर सोपवा. काळजीइतकीच त्यांना कामाचीही गरज आहे, हे आम्ही उशिरा शिकलो.

आता गाड्या सुरू आहेत, पूल मोकळा आहे. पाडव्याच्या वाट्या पुन्हा इकडून तिकडे जातात. आम्ही किनवटला लग्नाला निघालो, तेव्हा घराला कुलूप लावून किल्ली काकूंकडे द्यायला गेलो. खिळ्यावर जागा नव्हती. त्यांनी शेजारी दुसरा खिळा ठोकून घेतला होता.