सोफा वाचवायचा, तर मांजरीला जुना दोर द्या

बीड, प्रतिनिधी - घरातील मांजर सोफ्याच्या कडा उसवते, पडद्यांना लोंबकळते, गादीचा कापूस बाहेर काढते. अशा तक्रारींचा शेवट पुष्कळदा एकाच निर्णयात होतो. पिशवीत घालून तिला दूर कुठेतरी सोडून यायचे. घरात वाढलेले हे जनावर अनोळखी वस्तीत कुत्र्यांच्या तोंडी जाण्याचीच भीती अधिक. आणि ज्या अपराधासाठी ही शिक्षा, तो मुळात अपराधच नव्हे.

नखे घासणे ही मांजरीची शारीरिक गरज आहे. ओरबाडल्याने नखांवरील जुने आवरण गळून पडते व खालचे धारदार नख मोकळे होते. पाठीच्या आणि खांद्यांच्या स्नायूंना ताण मिळतो. शिवाय तिच्या पंजांत गंधग्रंथी असतात; ओरबाडताना गंध त्या वस्तूवर उतरतो आणि ती जागा आपली असल्याची नोंद होते. त्यामुळे मारून वा ओरडून ही सवय जात नाही. सोफ्याहून सरस असे काही तिला द्यावे लागते.

बाजारात त्यासाठी खास खांब मिळतात. त्यांवर बहुधा सिसलचा दोर गुंडाळलेला असतो. सिसल म्हणजे आपल्या बांधावरच्या घायपाताच्या कुळातील वनस्पतीचा वाक. घायपात आणि अंबाडीच्या वाकापासून दावी, कासरे, चऱ्हाटे वळण्याचे कसब मातंग समाजातील कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या जपले. नायलॉनने ते मागे लोटले. बैलपोळ्याला बैलांचा साज नवा होतो, जुना अडगळीत पडतो. गावाकडे अजून वाकाचे एखादे दावे खुंटीला असेल, तर ते शहरातल्या मांजरीसाठी मागून आणावे. तेही नसेल तर काथ्या किंवा जाड सुतळी चालते.

कापडाच्या ताग्यातील पुठ्ठ्याची जाड नळी किंवा लाकडी ओंडका घ्यावा. मांजर मागच्या पायांवर उभी राहून पूर्ण ताणली जाईल इतकी, म्हणजे सुमारे 3 फूट उंची हवी. जुन्या पाटावर तो खिळ्यांनी पक्का बसवून खालून वर दोर घट्ट गुंडाळावा. खिळ्याचे टोक कोठेही बाहेर राहू नये. खांब एकदा जरी डगमगला, तरी मांजर पुन्हा त्याकडे फिरकत नाही. काही मांजरींना उभ्यापेक्षा आडवी वस्तू आवडते. त्यांच्यासाठी खोक्याच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापून, नागमोडी कडा वर येईल अशा एकमेकींना खळीने चिकटवल्या की झाले.

गोणपाटाबाबत मात्र सावध राहावे. कापसाच्या या जिल्ह्यात कीटकनाशके व खते घरोघरी हाताळली जातात. त्यांच्या सान्निध्यात राहिलेले पोते कितीही धुतले तरी वापरू नये, कारण मांजर आपले पंजे चाटते. डांबराच्या गोळ्या ठेवलेले पोतेही नको. धुताना फिनेल वापरणे तर घातकच. फिनॉलसारखी द्रव्ये मांजरीचे यकृत नीट निकामी करू शकत नाही. धान्याचे पोते साध्या साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवावे.

दुसरा धोका सुट्या दोऱ्याचा. मांजरीच्या जिभेवरील काटे मागे वळलेले असतात. तोंडात गेलेला दोरा तिला थुंकता येत नाही, तो गिळला जातो आणि आतड्यात अडकून आतडे कापू शकतो. शेपटीखाली दोरा लोंबताना दिसला, तर ओढू नये, थेट पशुवैद्यकाकडे न्यावे. नायलॉन, लोकर, पतंगाचा मांजा म्हणूनच वर्ज्य.

खांब कोपऱ्यात न ठेवता ती जेथे ओरबाडते त्या सोफ्यालगत ठेवावा. झोपेतून उठल्यावर मांजर हमखास अंग ताणते, ती वेळ साधावी. शेतात तण म्हणून उगवणाऱ्या खोकलीच्या ताज्या मुळाचा वास मांजरींना भुरळ घालतो. ते मूळ दोरावर चोळून टाकून द्यावे, खाऊ देऊ नये. दोर पिंजला म्हणून लगेच बदलण्याची घाई नको. तिचा गंध त्याच चिंध्यांत असतो. लोंबणारे धागे तेवढे कात्रीने कापावेत.