कांदळवनाची सफर आणि वल्ह्याची मर्यादा

वेंगुर्ले बंदरालगतच्या मांडवी खाडीत पर्यटकांना घेऊन निघणारी होडी स्त्रिया वल्हवतात. मच्छीमार कुटुंबांतील स्त्रियांच्या ‘स्वामिनी’ या बचत गटाने २०१७ मध्ये ही कांदळवन सफर सुरू केली. सिंधुदुर्गातील सागरी जैवविविधतेच्या संवर्धनासाठी संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने राबविण्यात आलेल्या प्रकल्पाचे पाठबळ तिला लाभले. होडी चालविणे आणि झाडापक्ष्यांची ओळख करून देणे ही दोन्ही कामे या स्त्रियाच करतात. होडीला यंत्र नाही. किनारी पर्यटनाचे धोरण आखणाऱ्यांनी या साध्या बाबीचा गांभीर्याने विचार करावयास हवा.

खाडीच्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो. म्हणून तिवर आणि चिप्पी यांची मुळे श्वास घेण्यासाठी चिखलातून खुंट्यांसारखी वर येतात. कांदळाचे बी झाडावरच रुजते आणि लांबट शेंगेसारखे वाढून मग खाली पडते. भरतीच्या पाण्यात मासे, कोळंबी व खेकडे यांची पिल्ले याच मुळांच्या आडोशाला वाढतात. अरुंद फाट्यातून वेगाने यंत्रनौका गेली, तर तिच्या लाटांनी काठ ढासळतो, कोवळी रोपे उखडतात आणि काठावर टिपून बसलेले बगळे व खंड्या उठून जातात. पर्यटक जे पाहावयास आलेला असतो, तेच त्याच्या वाहनामुळे नाहीसे होते.

कांदळवनाच्या भूमीला महाराष्ट्रात भक्कम कायदेशीर संरक्षण आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये अंतरिम आदेशाने राज्यभर कांदळवनतोडीस मनाई केली आणि २०१८ मधील अंतिम निकालाने ती कायम ठेवली. राज्य सरकारने २०१२ मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला, तर २०२० मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्याच्या कांदळवन वृक्षाचा मान दिला. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशात ४,९९२ चौरस किलोमीटर कांदळवन असून, त्यांपैकी ३२४ चौरस किलोमीटर महाराष्ट्रात आहे. मात्र संरक्षित झाडे वनखात्याकडे, नौकांचे परवाने सागरी मंडळाकडे आणि मासेमारी मत्स्यव्यवसाय विभागाकडे, अशी अधिकारांची वाटणी आहे. एका खाडीला किती होड्या झेपतील, हा प्रश्न या तिन्हींच्या मध्ये राहून जातो.

अन्यत्र याची उत्तरे वेगवेगळ्या प्रकारे शोधली गेली आहेत. ओडिशातील भितरकनिका राष्ट्रीय उद्यान खाऱ्या पाण्यातील मगरींच्या विणीच्या काळात, मे ते जुलै, पर्यटकांसाठी बंद ठेवतात. ठाणे खाडीतील रोहित अभयारण्यात ऐरोलीहून सुटणाऱ्या नौकाफेऱ्यांच्या वेळा भरती-ओहोटीनुसार ठरतात. तामिळनाडूतील पिचावरम येथे वल्ह्यांच्या आणि यंत्राच्या अशा दोन्ही नौका चालतात. मांडवी खाडीत मर्यादा माणसाच्या दंडातील बळानेच घातली आहे.

या मर्यादेची किंमत वल्हे मारणाऱ्या स्त्रिया मोजतात, हे विसरून चालणार नाही. एका फेरीत मोजकेच पर्यटक बसतात आणि पावसाळ्यात खाडीतले काम थांबते. दुसरीकडे, १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झालेल्या सिंधुदुर्गात, वेंगुर्ले तालुक्यातच, २०२१ मध्ये विमानतळ सुरू झाला. गर्दी वाढली की अधिक भांडवल असलेला कोणीही यंत्रनौका आणून निम्म्या वेळात दुप्पट फेऱ्या मारू शकतो. त्याला अडविणारा स्पष्ट नियम नसेल, तर गटापुढे दोनच वाटा उरतात: आपणही यंत्र बसविणे किंवा बाजूला होणे. दोन्हींत खाडीचे नुकसानच आहे.

तेव्हा नियम गर्दी होण्यापूर्वी व्हावयास हवा. अरुंद फाट्यांत केवळ वल्ह्यांच्या होड्यांना परवानगी, प्रत्येक खाडीसाठी होड्यांची कमाल संख्या आणि परवान्यात स्थानिक गटांना प्रथम हक्क, या तीन गोष्टी संबंधित खात्यांनी एकत्र बसून ठरवाव्यात. राज्याच्या २०१७ च्या कांदळवन संरक्षण व उपजीविका योजनेने पर्यटनाला रोजगाराचे साधन म्हणून मान्यता दिलेलीच आहे. पावसाळ्यातील खंड भरून काढण्यासाठी खेकडेपालनासारखे त्याच योजनेतील पूरक उद्योग या गटांना जोडून देता येतील.

न्यायालयाचा आदेश तोड झाल्यानंतर दाद मागण्यास उपयोगी पडतो. पहाटे खाडीत कोणी कोयता घेऊन उतरला, हे मात्र रोज तेथे होडी घालणाऱ्यालाच प्रथम कळते. ज्यांची चूल त्या झाडांवर पेटते, त्यांना खाडीत टिकवून ठेवणे हा कांदळवन संरक्षणाचाच भाग मानला पाहिजे.