श्ट्यॉर्मटालचा ऑर्गन: खेड्यातील चर्च आणि बाखची परीक्षा

पाइप ऑर्गन ज्या वास्तूत वाजायचा, तिचे आकारमान, तिच्यात नाद किती घुमतो आणि तेथे किती भाविक एकत्र गातात, हे सारे पाहून तो घडवावा लागतो. म्हणून त्याची मागणी नोंदवणे हे घर बांधायला देण्यासारखेच दीर्घ आणि जबाबदारीचे काम असते. जर्मनीतील लाइप्त्सिश शहराजवळच्या श्ट्यॉर्मटाल या खेड्यात अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात जुन्या चर्चची नव्याने उभारणी झाली, तेव्हा तेथील जमीनदार श्टाट्स हिल्मोर फॉन फुलेन यांनी ऑर्गन घडवण्याचे काम त्साखारियास हिल्डेब्रांट या कारागिराकडे सोपवले. विख्यात ऑर्गनकार गोटफ्रीड झिल्बरमान यांच्या हाताखाली शिकलेला हा माणूस तेव्हा स्वतंत्र व्यवसायात नुकताच उतरला होता.

संगीत नाटकांच्या साथीचा, पायांनी भाता चालवायचा जो ऑर्गन मराठी रसिकांना परिचित आहे, त्यात हार्मोनियमप्रमाणे धातूच्या पात्या कंप पावतात. पाइप ऑर्गनच्या बहुतेक नळ्यांत मात्र बासरीच्या तत्त्वावर, अरुंद फटीतून आलेली हवा समोरच्या धारेवर आपटते आणि नळीतील हवेचा स्तंभच बोलू लागतो. एकाच जातीच्या नळ्यांच्या रांगेला, आणि ती रांग चालू-बंद करणाऱ्या खटक्यालाही, ‘स्टॉप’ म्हणतात. श्ट्यॉर्मटालच्या ऑर्गनला हातांनी वाजवायचा एकच पट्ट्यांचा संच, पायांनी वाजवायच्या पट्ट्या आणि एकूण 14 स्टॉप आहेत. स्टॉपच्या नावापुढचा आकडा फुटांचा असतो: आठ फुटी स्टॉपमध्ये सर्वांत खालच्या स्वराची उघडी नळी सुमारे 2.4 मीटर लांब असते, आणि सोळा फुटी स्टॉप त्याहून एक सप्तक खाली बोलतो. लहान चर्चमध्ये एवढी उंची कोठून आणायची, या अडचणीवर कारागिरांनी फार पूर्वीच उपाय शोधला होता. वरचे टोक बुजवलेली नळी तेवढ्याच लांबीच्या उघड्या नळीपेक्षा सप्तकभर खालचा स्वर देते, त्यामुळे निम्म्या उंचीत, आणि अर्थातच कमी धातूत किंवा लाकडात, खर्ज साधता येतो. मर्यादित जागेत आणि पैशांत कोणते स्टॉप घ्यायचे व कोणते सोडायचे, या निवडीतच ऑर्गनकाराची खरी बुद्धी दिसते, आणि खेड्यातले वाद्य शहरातल्या वाद्याची काटछाट केलेली नक्कल ठरू नये, याची काळजी हिल्डेब्रांटने घेतलेली दिसते.

काम पुरे झाल्यावर त्रयस्थ जाणकाराने वाद्य तपासून लेखी अभिप्राय द्यायचा, अशी प्रथा होती, आणि ती मागणी करणाऱ्याच्या हिताची होती, कारण भात्यातील गळती किंवा हलक्या प्रतीचा धातू सामान्य माणसाच्या लक्षात येत नाही. येथे ते काम 1723 मध्ये लाइप्त्सिशच्या टोमास चर्चचा संगीतप्रमुख झालेल्या योहान सेबास्टियन बाखकडे आले. ऑर्गन तपासताना बाख आधी सगळे स्टॉप खेचून, शक्य तितक्या स्वरांनी वाजवून त्याची ‘फुप्फुसे’ धड आहेत का ते पाहत असे, असे त्याच्या मुलाने पुढे लिहून ठेवले आहे. हवेचा पुरवठा अपुरा असेल तर अशा भरगच्च वादनात स्वर डळमळतात, म्हणजे ही चाचणी थेट भात्यांची आणि हवेच्या वाटांची होती. हिल्डेब्रांटचे काम तिला उतरले. 2 नोव्हेंबर 1723 रोजी बाखने वाद्य प्रशंसेसह मान्य केले आणि त्याच समारंभात त्याची कॅन्टाटा, म्हणजे गायक व वाद्यवृंद यांच्यासाठी रचलेली अनेक भागांची धार्मिक रचना, सादर झाली. ती आज त्याच्या रचनांच्या सूचीत 194 व्या क्रमांकावर आहे.

पुढे नाउम्बुर्गच्या सेंट वेन्त्सेल चर्चसाठी हिल्डेब्रांटने कितीतरी मोठा ऑर्गन बांधला आणि 1746 मध्ये त्याची तपासणी बाख व झिल्बरमान या दोघांनी मिळून केली. श्ट्यॉर्मटालच्या आसपास विसाव्या शतकात कोळशाची उघडी खाण पसरली आणि शेजारचे माग्डेबोर्न हे गाव तिच्यापायी उठवले गेले, पण श्ट्यॉर्मटाल वाचले; तेथील ऑर्गन आजही वाजतो, आणि बाखने तपासलेल्या वाद्यांपैकी इतक्या मूळ रूपात टिकलेली वाद्ये फारच थोडी आहेत.