एक सरकार दुसऱ्या सरकारचे कर्ज सोडते तेव्हा

कर्जमाफी हा शब्द आपल्याला नवा नाही. सोसायटीचे कर्ज माफ झाले की चावडीवर चार दिवस तोच विषय असतो. पण एक देश दुसऱ्या देशाचे कर्ज सोडतो, तेव्हा नेमके काय घडते? आपल्याच देशाचे उदाहरण घेऊ.

१९५४ साली अमेरिकेने ‘पी. एल. ४८०’ या नावाने ओळखला जाणारा कायदा केला. तिकडे धान्याची कोठारे ओसंडत होती, इकडे आपल्याला गहू कमी पडत होता. १९५६ साली करार झाला आणि अमेरिकन गहू रेशनच्या दुकानांत आला. त्याची किंमत आपण डॉलरांत नव्हे, रुपयांत द्यायची होती. परकी चलनाची चणचण होती, म्हणून ही मोठीच सोय झाली. त्या रुपयांतला बराच भाग अमेरिकेने पुन्हा आपल्याच सरकारला कर्जाऊ दिला.

मग अडचण कोठे आली? असे समजा, की भिवंडी तालुक्यातल्या पूर्णा गावाला एका परगावच्या धनिकाने अडचणीच्या वर्षी भात पुरवले आणि सांगितले, “पैसे तुमच्याच गावात माझ्या नावावर ठेवा, मी ते इथेच खर्च करीन.” वर्षामागून वर्षे गेली, व्याज चढत गेले. आता ती सारी रक्कम घेऊन तो एकाच दिवशी बाजारात उतरला तर? माल तेवढाच, पैसा मात्र भरमसाट! भाव कडाडतील आणि गरिबाला भाजीसुद्धा परवडणार नाही. म्हणजे पैसा गावातच, तरी धाक परक्याचा.

देशाचेही तसेच झाले होते. अखेर बोलणी होऊन १८ फेब्रुवारी १९७४ रोजी अमेरिकेचे राजदूत डॅनियल मॉयनिहान यांनी १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश भारत सरकारच्या हवाली केला. आपण देणे लागत होतो ते रुपये आपल्यालाच विकासकार्यासाठी मिळाले.

येथे दोन गोष्टी ध्यानात धराव्यात. पहिली, सगळेच देणे सुटले नाही. काही रुपये अमेरिकेने आपल्या वकिलातीच्या खर्चासाठी राखले. डॉलरांत फेडायची कर्जे तर वेगळीच राहिली. दुसरी, या माफीने देशात एक दाणाही नवा आला नाही. गहू केव्हाच खाऊन झाला होता. उतरले ते डोक्यावरचे ओझे.

पुढे आपणही धनको झालो. २००३ सालच्या अर्थसंकल्पात भारताने अतिकर्जबाजारी गरीब देशांकडचे आपले येणे सोडण्याची घोषणा केली.

गुरुजींनी वर्गात मुलांना एक प्रश्न जरूर विचारावा : माफ झालेले कर्ज जाते कोठे? ते हवेत विरत नाही. अमेरिकन शेतकऱ्याला त्याच्या गव्हाचे पैसे मिळाले होते; ते अमेरिकेच्या खजिन्यातून, म्हणजे तिथल्या करदात्याच्या खिशातून गेले. माफी कोणतीही असो, ती कोणीतरी सोसलेली असते. म्हणून माफीचा आनंद जरूर मानावा, पण पुन्हा हात पसरावा लागू नये याची तजवीज पहिल्या दिवसापासून करावी. पुढच्या काळात आपल्या शेतकऱ्याने कोठारे भरली, तीच खरी तजवीज!