मोटारीची नाडीपरीक्षा : घरगुती निदानयंत्र कोणते घ्यावे?

दुकानाच्या गादीवर बसलेला व्यापारी नमुना पाहिल्याखेरीज माल घेत नाही आणि वजन करून घेतल्याखेरीज पैसे मोजत नाही. परंतु हाच चोखंदळ गृहस्थ आपली मोटार घेऊन गॅरेजात गेला की त्याची सारी व्यापारी बुद्धी दाराबाहेरच राहते. बॉनेट उघडलेले असते, आत तारांचे जंजाळ दिसत असते. ‘सेन्सर गेला आहे’ असे कोणी सांगते आणि आपण मुकाट्याने मान डोलावतो. कोणता सेन्सर, आणि तो गेला हे कशावरून, असे विचारावयाचे धैर्य होत नाही. कारण विचारले तरी मिळालेले उत्तर पारखून घेण्याचे साधन आपणांजवळ नसते. ते साधन आता सामान्य गृहस्थाच्या आटोक्यात आले आहे. ते कसे निवडावे आणि त्याजकडून किती अपेक्षा करावी, याविषयी स्वानुभवावरून चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे.

व्यापारानिमित्त मला महिन्यातून दोनदा तरी बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्यात उतरावे लागते. एका पावसाळ्यात परतीच्या वाटेवर घाट चढत असता डॅशबोर्डावर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला. गाडी चालत होती, पण उभी राहिली की इंजिन थरथरे. गावी पोहोचल्यावर ती एका गॅरेजात दाखविली. तेथील मेकॅनिकने यंत्र लावले, ‘पी ०१७१’ असा कोड निघाला आणि सायलेन्सरच्या नळीतील ऑक्सिजन सेन्सर बदलावा लागेल, असे त्याने सांगितले. साडेसहा हजार रुपये मोजून तो बदलला. दिवा विझला, आणि आठव्या दिवशी पुन्हा लागला. “आता पेट्रोलचा पंप बदलून पाहू,” असा सल्ला मिळाला. ‘बदलून पाहू’ हे शब्द ऐकताच मात्र माझ्यातील व्यापारी जागा झाला. पाहावयाचे त्यांनी आणि पैसे भरावयाचे मी, असा तो सौदा होता!

अभियांत्रिकी शिकणारा माझा पुतण्या त्या वेळी सुट्टीत घरी आला होता. त्याने काडेपेटीहून किंचित मोठे असे एक यंत्र स्टिअरिंगखालच्या सॉकेटात बसविले आणि मोबाइलवर आकडे पाहू लागला. थोड्या वेळाने तो हसून म्हणाला, “काका, ‘पी ०१७१’ म्हणजे सेन्सर बिघडला असे नव्हे. पेट्रोलच्या मानाने इंजिनात हवा जास्त येते आहे, एवढेच त्याचे सांगणे. बिचाऱ्याने खरे ते सांगितले, आणि तुम्ही त्यालाच कामावरून काढलेत!”

मग त्याने मला आकडे दाखविले. गाडी जागेवर मंद चालत असता तिचा संगणक नेहमीच्या हिशोबापेक्षा बावीस टक्के अधिक पेट्रोल सोडीत होता. इंजिनाचे फेरे मिनिटास अडीच हजारांवर नेले की हाच आकडा चार टक्क्यांवर उतरे. पंप दुर्बळ असता तर पेट्रोलची मागणी वाढताच तूटही वाढली असती. येथे ती उलट कमी होत होती. याचा अर्थ, न मोजलेली हवा कोठून तरी आत शिरत होती. मंद गतीत एकंदर हवा थोडी असल्याने तिचा वाटा मोठा दिसे. वेग वाढला की तो नगण्य होई. शोध घेता, हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या पुढे इंजिनाला जोडलेली एक रबरी नळी चिरलेली सापडली. तिची किंमत एकशे ऐंशी रुपये!

या प्रसंगातून मी जे शिकलो तेच या लेखाचे सार आहे. संध्याकाळी रोकड जुळली नाही तर कीर्द आपणांस तूट दाखविते. परंतु ती तूट बेरजेच्या चुकीने आली, नोंद राहिल्याने आली की गल्ल्यातून गेली, हे कीर्द सांगत नाही. त्यासाठी मागची पाने उलटावी लागतात. मोटारीचा कोड हा असाच तुटीचा आकडा आहे. तेव्हा नुसता तुटीचा आकडा दाखविणारे यंत्र न घेता, मागची पाने उलटू देणारे यंत्र घ्यावे.

आता या यंत्राची थोडी पूर्वपीठिका पाहू. मोटारीने आपला दोष आपणच नोंदवावा, ही सक्ती प्रथम धुराच्या प्रदूषणापायी झाली. तिचा आरंभ कॅलिफोर्नियात झाला. आणि १९९६ सालच्या मॉडेलांपासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सर्व मोटारींना ‘ओ.बी.डी.-२’ ही एकच पद्धत बंधनकारक ठरली. युरोपात नव्या पेट्रोल मोटारींना ती २००१ पासून लागू झाली. आपल्याकडे भारत स्टेज-४ च्या मोटारींसाठी एप्रिल २०१० मध्ये हिची पहिली पायरी व एप्रिल २०१३ मध्ये दुसरी पायरी आली. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ देशभर लागू झाल्यावर ही देखरेख अधिकच काटेकोर झाली. म्हणून २०१३ नंतरची मोटार असल्यास स्टिअरिंगच्या आसपास सोळा पिनांचे सॉकेट सापडेलच. त्यातील सोळाव्या पिनेवर बॅटरीचा प्रवाह असतो, तर सहाव्या व चौदाव्या पिनांवर हल्लीच्या मोटारींतील ‘कॅन’ पद्धतीचे संभाषण चालते. त्याहून जुनी मोटार असल्यास, यंत्र घेण्यापूर्वी ते त्या गाडीशी बोलते की नाही, हे लावूनच पाहावे.

कोडाचे व्याकरणही सोपे आहे. पहिले अक्षर ‘पी’ असल्यास दोष इंजिन वा गिअरच्या बाजूचा, ‘सी’ असल्यास ब्रेक-स्टिअरिंगसारख्या चासीच्या भागांतील, ‘बी’ असल्यास बॉडीतील, आणि ‘यू’ असल्यास गाडीतील निरनिराळ्या संगणकांच्या आपापसांतील संभाषणातील समजावा. ‘पी’ नंतर शून्य आल्यास तो कोड सर्व कंपन्यांना समान असतो. एक आल्यास तो त्या कंपनीचा खासगी असतो, आणि त्याचा अर्थ त्या कंपनीच्याच माहितीवरून लावावा लागतो.

बाजारातील यंत्रांचे स्थूलमानाने चार वर्ग पडतात. पहिला वर्ग मोबाइलशी जुळणाऱ्या लहान यंत्रांचा. ही काही शे रुपयांपासून मिळतात. दुसरा, स्वतःचा पडदा असलेल्या हातयंत्रांचा. यांस दोन-चार हजार पडतात. या दोन्ही वर्गांतील यंत्रे मुख्यतः इंजिनाचे व धुराचे कोड वाचतात. तिसरा वर्ग ए.बी.एस., एअरबॅग, गिअरबॉक्स इत्यादी सर्व विभाग वाचणाऱ्या यंत्रांचा. त्यांची किंमत बरीच वर चढते. चौथ्या वर्गातील यंत्रे नुसती वाचीत नाहीत, तर आज्ञाही देतात : पंखा चालवून पाहणे, डिझेल गाडीतील काजळीची जाळी जाळून साफ करविणे, विजेवर चालणारा हातब्रेक पॅड बदलण्यासाठी सैल करणे, ही कामे त्यांची. हा धंदेवाईक माल होय. घरच्या एका मोटारीसाठी त्यात लाखाच्या घरात भांडवल गुंतविणे शहाणपणाचे नव्हे.

मग आपण काय घ्यावे? माझ्या मते पुढील गोष्टी पाहून घ्याव्यात.

पहिली गोष्ट, यंत्राने चालू इंजिनाचे आकडे दाखविलेच पाहिजेत. केवळ कोड वाचणारे व पुसणारे यंत्र कितीही स्वस्त असले तरी महागच पडते. त्याचबरोबर, दोष नोंदला गेला त्या क्षणीची स्थिती, म्हणजे वेग, फेरे, पाण्याचे तापमान वगैरे, दाखविण्याची सोय असावी. दोष घाटात उद्भवला की बाजारातील गर्दीत, हे त्यावरून कळते.

दुसरी गोष्ट, ‘सर्व गाड्यांना चालते’ या जाहिरातीवर विसंबू नये. समान कोडांपुरते ते खरे असते, परंतु ए.बी.एस. वा एअरबॅगचा दिवा लागल्यास तेच यंत्र मुके होते. आपल्या गाडीचे मॉडेल व साल सांगून कोणकोणते विभाग वाचले जातात, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. यंत्राच्या माहितीचे नूतनीकरण मोफत की वार्षिक वर्गणी भरून, हेही त्याच वेळी विचारावे; पुष्कळदा खरी किंमत दुसऱ्या वर्षापासून सुरू होते.

तिसरी गोष्ट आपल्या मोबाइलची. आयफोनशी साध्या ब्लूटूथचे यंत्र बहुधा जुळत नाही. तेथे ब्लूटूथ एल.ई. अथवा वायफायवर चालणारे यंत्र घ्यावे लागते.

चौथी गोष्ट शिक्क्याची, आणि ती व्यापाऱ्यास विशेष कळावी अशी आहे. कॅनडातील एल्म इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने ‘ई.एल.एम. ३२७’ नावाची चिप काढली. तिच्या पहिल्या आवृत्तीला नक्कल रोखणारे कुलूप नव्हते. त्यामुळे जगभर तिच्या नकला निघाल्या. मूळ कंपनी २०२२ साली बंद झाली, परंतु तिच्या नावाचा माल मात्र अद्याप विपुल विकला जातो. गंमत अशी की पुष्कळ यंत्रांवर ‘१.५’ ही आवृत्ती छापलेली असते, आणि मूळ कंपनीने त्या क्रमांकाची आवृत्ती कधी काढलीच नव्हती. सर्वच नकला टाकाऊ असतात असे नव्हे. काही साधे कोड बिनचूक वाचतात, तर काही मध्येच अडखळतात. म्हणून शिक्का न पाहता परत करण्याची मुदत पाहावी, आणि त्या मुदतीत आपल्या गाडीवर यंत्र कसून वापरून पाहावे. काम झाल्यावर ते सॉकेटातून काढून ठेवावे; तेथेच राहिल्यास गाडी बंद असतानाही ते बॅटरी खात राहते.

विजेवर चालणाऱ्या मोटारींची गोष्ट निराळी आहे. ही समान पद्धत धुरासाठी जन्मली आणि या गाड्यांना धूरच नाही. तेव्हा साध्या यंत्राला तेथे फारसे काही वाचता येत नाही. त्यांतील नारिंगी रंगाच्या जाड केबलींना घरी कोणीही हात लावू नये. एअरबॅगचे कामही घरी करावयाचे नाही. तसेच इंजिनाचा दिवा स्थिर न राहता लुकलुकू लागला, तर ते ठिणगी वारंवार चुकत असल्याचे लक्षण असते. न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापून निकामी होतो. अशा वेळी यंत्र शोधीत न बसता गाडी बाजूस घेऊन थांबवावी. त्या कन्व्हर्टरात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे मौल्यवान धातू असतात. तो बदलणे खिशाला परवडत नाही. उलट, ‘पी ०४२०’ हा कोड आला म्हणजे कन्व्हर्टर गेलाच, असेही मानू नये. सायलेन्सरच्या नळीतील गळतीनेही तो येऊ शकतो.

एक गोष्ट मात्र स्पष्टच सांगावयास हवी. या यंत्रांत कोड पुसण्याचे बटण असते, आणि गाडी विकावयाच्या दिवशी सकाळी ते दाबण्याचा मोह काहींना होतो. दिवा विझतो, दोष तसाच राहतो, आणि तो अनभिज्ञ खरेदीदाराच्या गळ्यात पडतो. दोष ठाऊक असून झाकून विकलेला माल तो धान्याचा असो, कापडाचा असो की मोटारीचा, त्याला एकच नाव आहे. आणि ही लबाडी झाकलीही राहत नाही. कोड पुसताच गाडीच्या स्वयंचाचण्यांची नोंदही कोरी होते. त्या पुन्हा पुऱ्या होण्यास काही दिवसांचे चालणे लागते. जुनी गाडी घेताना यंत्रावर या चाचण्या ‘अपूर्ण’ दिसल्या, किंवा कोड पुसल्यापासून गाडी जेमतेम चार किलोमीटर चालल्याचे दिसले, तर कारण अवश्य विचारावे. बॅटरी बदलल्यानेही चाचण्या अपूर्ण दिसतात. तेव्हा आरोप न करता आठवडाभराने गाडी पुन्हा तपासावी, हे उत्तम.

यंत्र घेतले म्हणून मेकॅनिकशी वैर धरावे, असा याचा अर्थ नव्हे. त्याच्याही अडचणी आहेत. सुटे भाग व निदानयंत्रे स्वतंत्र गॅरेजांना खुल्या बाजारात मिळू न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार उत्पादकांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. पुढे त्यावर अपिलेही झाली. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी जे संकेतस्थळ उघडले, त्यातही मोटारींचा समावेश आहे. सांगावयाचे तात्पर्य, ज्ञान कुलपात राहिले की ग्राहक व कारागीर दोघेही नाडले जातात.

माझ्या गाडीत आज दोन हजारांच्या आतले एक यंत्र व एक लहानशी वही असते. दिवा लागला की मी कोड, तारीख, त्या क्षणीचे आकडे व गाडी कोठे होती हे वहीत टिपतो आणि मगच गॅरेजात जातो. पुष्कळदा दुरुस्ती तेथेच होते. मला ती येत नाही, आणि येते असा आवही मी आणीत नाही. परंतु आता ‘बदलून पाहू’ असे कोणी म्हणत नाही. वही पुढे ठेवली की मेकॅनिक ती वाचतो, दोन प्रश्न विचारतो, आणि आम्ही दोघे मिळून बॉनेटात डोकावतो. हिशोब समोर असला की सौदा सचोटीने होतो, हा आपला जुनाच अनुभव आहे. तो मोटारीसही लागू पडतो, इतकेच.