सही कुणाची आणि शिक्षा कुणाला?

गेल्या पावसाळ्यात एका रात्री येडगावचा एक तरुण माझ्याकडे आला. चाकणच्या एका कारखान्यात तो गुणवत्ता तपासणीच्या कामावर आहे. नारायणगावच्या शिवारात दुसऱ्यांच्या मळ्यात टोमॅटो तोडून आईने त्याला डिप्लोमापर्यंत शिकविले. घरातला तो पहिलाच पगारदार. बसल्याबसल्या म्हणाला, ''वकीलसाहेब, जयभीम. नोकरी सोडावी म्हणतो.''

कारण विचारले तेव्हा कळले की, दोनशे नग तपासायचे असतात. पण माल आजच गेला पाहिजे म्हणून वीस तपासून कागदावर दोनशे लिहायला सांगतात. खाली सही याची. एकदा त्याने केली. दुसऱ्यांदा हात थांबला. तो म्हणाला, ''रविवारी विहारात पंचशील घेतो. चौथे शील आले की जीभ अडखळते.'' आईला सांगितले तर ती म्हणाली, ''आरं, सही केल्यानं काय हात झडतो व्हय? घराचा हप्ता कोण भरील?''

या माउलीला नावे ठेवण्याचा अधिकार आपल्यापैकी कुणालाही नाही. ज्यांच्या मागे जमीन, घर आणि ओळखीपाळखी आहेत त्यांनी नीतीच्या गोष्टी सांगणे सोपे असते. नोकरी गेली तर काकाच्या कंपनीत दुसरी मिळते. आपल्या पोराला काका नाही. खाजगी क्षेत्रात आरक्षण नाही. बडोद्याची नोकरी सोडून मुंबईत परतल्यावर 1917-18 च्या सुमारास खुद्द बाबासाहेबांनी शेअर बाजाराबाबत व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक यायचे बंद झाले. विद्वत्ता तीच होती, जात कळली एवढेच. आज ते दार थोडेसे उघडले आहे. म्हणूनच आत गेलेल्याला बाहेर फेकले जाण्याचे भय दुप्पट वाटते.

परंतु बांधवांनो, खोट्या सहीने नोकरी सुरक्षित होते हा भ्रम आहे. वकील म्हणून मी हे सांगतो. जबाबदारी मागितली जाते तेव्हा प्रथम कागद उघडला जातो, आणि कागदावर सही असते ती खालच्या माणसाची. तोंडी हुकूम देणारा साहेब ''मी असे म्हणालोच नाही'' म्हणून मोकळा होतो. फसवणुकीच्या हेतूने मालकाच्या हिशेबात वा नोंदीत जाणूनबुजून खोटे लिहिणाऱ्या नोकराला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम 477-अ होते, आता भारतीय न्याय संहितेचे 344 आहे. ''साहेबांनी सांगितले'' हा त्यावर बचाव ठरत नाही.

मुंबईतल्या पीएमसी बँकेचे प्रकरण आठवा. एकाच बांधकाम समूहाची 44 थकीत कर्जखाती लपविण्यासाठी 21 हजारांहून अधिक बनावट खाती दाखविल्याचा आरोप फिर्यादीत झाला. सप्टेंबर 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि सुरुवातीला ठेवीदाराला स्वतःच्या खात्यातून सहा महिन्यांत फक्त एक हजार रुपये काढता येतील असे फर्मान निघाले. त्या रांगांत रिक्षावाले होते, पेन्शनर होते, कष्टकरी होते. ही हजारो खोटी खाती काय एकट्या संचालकाने आपल्या हाताने उघडली? अनेकांनी मान खाली घालून काम केले तेव्हाच असे डोंगर उभे राहतात. आणि तो डोंगर कोसळू लागला तोही आतल्या माणसांमुळेच. बँकेच्या कर्ज विभागातल्या काही महिला कर्मचाऱ्यांनी खरी माहिती रिझर्व्ह बँकेपर्यंत पोहोचविली, असे तेव्हा वृत्तपत्रांत आले होते. त्यांनाही घरे होती, हप्ते होते.

कायदा अशा माणसाच्या पाठीशी किती उभा आहे? कंपनी कायदा 2013 च्या कलम 177 नुसार शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना, तसेच लोकांच्या ठेवी घेणाऱ्या आणि बँकांकडून पन्नास कोटींहून अधिक कर्ज घेतलेल्या कंपन्यांना तक्रार-यंत्रणा ठेवावी लागते. तक्रारदाराचा छळ होऊ नये अशी तजवीजही करावी लागते. पण हे कलम चाकणच्या छोट्या कारखान्यापर्यंत पोहोचत नाही. जागल्यांच्या संरक्षणाचा 2014 चा कायदा लोकसेवकांच्या भ्रष्टाचारापुरता आहे. खाजगी कंपनीतल्या नोकराला त्याचा आधार नाही. म्हणजे कायद्याची छत्री आहे, पण ती गळकी आहे.

त्या तरुणाला मी सांगितले, रागाच्या भरात राजीनामा देऊ नकोस. राजीनामा त्यांना हवाच असतो. जेवढे तपासलेस तेवढेच लिही. वीस तर वीस. तोंडी हुकूम आला तर नम्रपणे ईमेलवर विचार, ''आपण असे सांगितले, ते बरोबर आहे का?'' अशा प्रश्नाला लेखी 'होय' सहसा कुणी देत नाही. तारीख-वेळ घालून स्वतःची वही ठेव. कंपनीचे गोपनीय कागद मात्र घरी आणू नकोस, नाहीतर चोर तूच ठरशील.

त्याने तसेच केले. त्याची वाहवा झाली नाही. त्याला तपासणीवरून काढून गोदामात टाकले आणि त्या वर्षीची पगारवाढ बुडाली. मात्र नोकरी आहे, आणि हप्ताही चालू आहे. आई अजून कुरकुरते. तो मात्र म्हणाला, ''साहेब, आता झोप लागते.''

तथागतांनी अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविकेला स्थान दिले, ते केवळ भिक्खूंसाठी नव्हे. शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार उपासकाने करू नये असे सांगितले. पोट कशावर भरतो हा धम्माचाच प्रश्न आहे. खोट्या दाखल्यावर बाजारात गेलेला सदोष भाग उद्या कुणाच्या गाडीला लागेल? कदाचित आपल्याच भावाच्या रिक्षाला.

पण शील पाळण्याचे सारे ओझे एकट्या पोराच्या खांद्यावर टाकून आपण मोकळे होणार काय? जयंतीच्या मिरवणुकीला आपण वर्गणी काढतो. मग जुन्नर-आंबेगावच्या विहारांतून कंपन्यांत काम करणाऱ्या मुलामुलींची महिन्यातून एक बैठक का होऊ नये? तिथे एखादा वकील बसेल, एखादा निवृत्त कामगार अधिकारी बसेल. खरे लिहिले म्हणून कुणाची नोकरी गेलीच, तर तीन महिन्यांचा हप्ता भरण्याइतका निधी समाजाजवळ असेल. तसे झाले तर पुढच्या माउलीला ''सही कर'' म्हणावे लागणार नाही. सुरुवात मी माझ्यापासून करतो. महिन्याचा एक रविवार माझा. बाकीचे तीन कोण देतो?