ऱ्हासाचा इतिहास वाचताना

संस्कृतींच्या ऱ्हासाविषयी काय वाचावे, असे विचारणाऱ्याला सहसा गिबन किंवा टॉयन्बी यांची नावे सांगितली जातात. रोमन साम्राज्याच्या अस्ताचा गिबनकृत इतिहास १७७६ ते १७८८ या काळात सहा खंडांत निघाला. टॉयन्बींचा 'अ स्टडी ऑफ हिस्टरी' १९३४ ते १९६१ या काळात बारा खंडांपर्यंत गेला. हे ग्रंथ थोर खरे, परंतु आरंभासाठी ते सोयीचे नाहीत. सिद्धान्त आधी हाती आला, की वाचक सर्वत्र त्याचेच पुरावे शोधू लागतो. म्हणून जिची भाषा आणि भूगोल आपल्या परिचयाचा आहे, अशा एखाद्या पडझडीपासून प्रारंभ करावा.

भोपाळच्या मराठी वाचकाला त्यासाठी दूर जावे लागत नाही. डिसेंबर १७३७ मध्ये पहिल्या बाजीरावांनी निजामाला याच शहरी कोंडले आणि जानेवारी १७३८ मध्ये दुराई सराईच्या तहात त्याच्याकडून माळवा कबूल करून घेतला. पुढे तेवीस वर्षांनी पानिपत झाले. ऐंशी वर्षांनी, १८१८ मध्ये, पेशवाई संपली.

हे समजण्यासाठी प्रथम सरदेसायांची 'मराठी रियासत' वाचावी. घटनाक्रम पक्का होतो. मग राजवाड्यांनी १८९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'च्या पहिल्या खंडातील पत्रे पाहावीत. पत्र लिहिणाऱ्याला उद्याची वार्ता ठाऊक नसते. त्यामुळे जे आपल्याला अटळ वाटते, ते तेव्हा अटळ नव्हते, हे उमगते. त्यानंतर शेजवलकरांचे 'पानिपत : १७६१' वाचावे आणि त्यासोबत जदुनाथ सरकारांचा मोगल साम्राज्याच्या पतनावरील चार खंडांचा ग्रंथ. तेच पानिपत तेथे दिल्लीच्या दीर्घ कहाणीतील एक प्रकरण होते.

ग्रंथ निवडताना एक कसोटी लावावी. सारा दोष एका व्यक्तीवर, एका जातीवर वा एका धर्मावर टाकणारे पुस्तक वाचकाला इतिहास देत नाही, शत्रू देते. अनेक भाषांच्या आणि धर्मांच्या या शहरात अशा वाचनाची किंमत शेजाऱ्याला मोजावी लागते.

आणखी एक विवेक हवा. राज्याचा अस्त म्हणजे संस्कृतीचा अस्त नव्हे. पेशवाई बुडाल्यावर चौदाच वर्षांनी, १८३२ मध्ये, बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केले आणि मराठी गद्य नव्या कामाला लागले. मग नेमके काय बुडाले आणि काय टिकले? हा प्रश्न मनाशी बाळगून गिबन आणि टॉयन्बी यांच्याकडे वळावे. तेव्हा त्यांचे सिद्धान्त स्वीकारायचे की तपासायचे, हे वाचक स्वतः ठरवू शकेल.